सुपारीचा चष्मा

कुशावर्तेचं रुखवत बघायला बायका अर्धी पंगत सोडून उठतात, असं लातुरात बोललं जातं. यात अतिशयोक्ती आहे, पण थोडीच. लग्नात मुलीकडच्यांनी मांडायच्या शोभेच्या वस्तू, म्हणजे सुपाऱ्यांचे नवरा-नवरी, रंगवलेल्या खोबऱ्याच्या वाट्या, काड्यापेट्यांचं घर, तांदळाचं तुळशीवृंदावन, आता बाजारात तयार मिळतात. बाजारात मिळत नाही ती कुशावर्तेची जीभ. प्रत्येक तबकापुढे ती चार ओळींची पाटी ठेवते. त्यातली एक तरी पाटी विहीणबाईंना, म्हणजे नवऱ्या मुलाच्या आईला, चिमटा काढणारी असते. रुखवतातल्या चिमट्यावर रागवायचं नसतं. विहिणीनं पदर तोंडाला लावून हसायचं, हा रिवाज आहे.

कुशावर्ता मूळची मुखेडकडची. लग्नाआधी बी.ए. झाली आणि लग्नानंतर ती पदवी कुणी विचारली नाही. नवरा जवळच्याच मुरुडला एका भुसार दुकानावर हिशेबाला आहे, सकाळी एसटीनं जातो आणि संध्याकाळी येतो. चुलतजावेच्या मुलीचं रुखवत हौसेनं केलं, ते बघून दुसरीनं सांगितलं, आणि पुढे तोच धंदा झाला. सोबतीला शेजारची आबेदा आली. जरी, टिकल्या, आरसे हे आबेदाचं काम, आणि घडण आणि शब्द कुशावर्तेचे. दोघी मिळून कितीतरी मुली सासरी पोचवून आल्या.

स्वतःची मुलगी मात्र घरात राहिली होती. त्याला कारण नांदेडचे एक पाहुणे होते, आणि त्यांच्यावर कुशावर्तेचा दात होता.

वर्षाराणी तिची एकुलती एक. शाळेपासूनच जाड भिंगाचा चष्मा. पुढे नंबर वाढत वाढत सोळापर्यंत गेला. पोरगी बी.फार्म झाली, औषधाच्या दुकानात नोकरीला लागली, हसरी, कामाला चपळ. नांदेडहून भागवतराव आणि प्रयागबाई आपल्या सुदर्शनला घेऊन बघायला आले. टायरचं मोठं दुकान, चांगलं घर. पोहे खाऊन झाल्यावर प्रयागबाई म्हणाल्या, "बाळ, चष्मा काढ बघू. आता इथून दारापर्यंत चालून दाखव."

वर्षाराणी चालली. उंबऱ्याजवळ ठेवलेला पाण्याचा तांब्या तिला दिसला नाही. तो लवंडला आणि सगळी बैठक ओली झाली.

"मुलगी आम्हाला पसंत हाय," भागवतराव म्हणाले. "फक्त तेवढं चष्म्याचं बघा. आजकाल ऑपरेशन होतंय. जो खर्च येईल तो देण्याघेण्यात धरू की आपण. परकं का समजून राहिलात?"

कुशावर्तेला ते बोलणं समंजस वाटलं. आज तिला स्वतःच्या त्या वाटण्याची सगळ्यात जास्त चीड येते.

लातूरच्या एका खाजगी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट सांगितलं होतं. एवढ्या नंबरामुळे डोळ्यातलं भिंग लवकर धूसर व्हायला लागलंय. कधी ना कधी ते काढून नवीन बसवावंच लागेल, पण आज घाई नाही. बसवलं की लांबचं स्वच्छ दिसेल, मात्र जवळचं वाचायला चष्मा लागेल. जवळचं आणि लांबचं दोन्ही दाखवणारी भिंगं असतात. ती फार महाग, आणि एवढ्या नंबराच्या डोळ्याला ती मानवतीलच असं नाही. शिवाय डोळ्याच्या आतल्या पडद्याला धोका असतो. काही चमकल्यासारखं झालं, पडदा ओढल्यासारखं दिसलं, तर रात्र असो की दिवस, ताबडतोब यायचं.

"लग्नासाठी करताय का?" डॉक्टरीणबाईंनी शेवटी विचारलं.

"नाही, नाही. सोयीसाठी," कुशावर्ता म्हणाली.

साधं, त्याहून बरं आणि सगळ्यात भारी, अशी तीन प्रकारची भिंगं होती. सरकारी योजनेत हे ऑपरेशन बसत नव्हतं. तिनं मधलं घेतलं. दोन्ही डोळ्यांचे मिळून दीड लाखाच्या वर गेले. त्यात हातातल्या पाटल्या गेल्या आणि वरच्या खोलीच्या स्लॅबसाठी ठेवलेले पैसेही गेले. पट्टी निघाल्यावर वर्षाराणीनं खिडकीतून समोरच्या गच्चीवरच्या टाकीवरचं नाव वाचलं, आणि माय-लेकी गळ्यात पडून रडल्या. त्या दिवसापासून कुशावर्तेला रोज संध्याकाळी एकच विचारायची सवय लागली, "काही चमकलं का गं?" ती सवय अजून गेलेली नाही.

साखरपुड्याचं बोलायला प्रयागबाई परत आल्या. भटजींनी काढलेले मुहूर्त वर्षाराणीच्या हातात दिले, "वाच बरं मोठ्यानं." आणि वर्षाराणीनं, कुणी सावध केलेलं नसल्यानं, सहज पर्समधून वाचायचा चष्मा काढून डोळ्यांवर ठेवला.

"अगं बया!" प्रयागबाई मागे सरकल्या. "चष्मा घालवायला गेले अन् चष्मा घेऊन आले!"

"हा फक्त वाचायला, विहीणबाई. लांबचं आता सगळं..."

"विहीणबाई म्हणू नका अजून. पोरीच्या डोळ्यावर सुरी चालली, तरी चष्मा ऱ्हायलाच. उद्या काही झालं तर आमच्या पोरानं निस्तरायचं का?"

"तुम्हीच तर म्हणला होता ऑपरेशन करा!"

"आम्ही चष्मा काढा म्हणलो. डोळे फाडा कुठं म्हणलो?"

कुशावर्तेनं खर्चाची आठवण दिली, तर भागवतराव थंडपणे म्हणाले, "खर्च तुमच्या पोरीवरच झाला की. आमच्या हातात काय आलं?"

तरी हेही तिनं गिळलं असतं. पण नकार देऊन प्रयागबाई गप्प बसल्या नाहीत. नात्यात, बचत गटात, लग्नाच्या मांडवात, जिथं विषय निघेल तिथं त्या सांगत सुटल्या की लातूरच्या त्या पोरीचे डोळे काचेचे हायत. त्यानंतर आलेल्या दोन्ही स्थळांनी बैठकीतच विचारलं, "रात्री डोळे काढून ठेवावे लागतात का?" दुसऱ्या वेळी वर्षाराणी उठून आत गेली आणि यापुढे कुणापुढे बसणार नाही म्हणाली.

कुशावर्तेचा नवरा म्हणाला, "सोड. देव बघून घेईल."

"देवाला लई कामं हायत," ती म्हणाली. "हे मी बघते."

बघायची संधी आपल्या पायांनी घरी आली. निलंग्याहून एक बाई रुखवताची ऑर्डर द्यायला आल्या. मुलीचं नाव दिपाली, लग्न नांदेडला.

"पाहुणे कोण?" पाट्यांवर नावं घालायची म्हणून कुशावर्तेनं विचारलं.

"भागवतराव. टायरचं दुकान हाय बघा त्यांचं. मुलगा सुदर्शन. सासूबाई जरा कडक हायत, पण माणसं चांगली."

कुशावर्तेच्या हातातली सुपारी घरंगळत आबेदाच्या मांडीपाशी गेली. आबेदानं ती उचलली आणि कुशावर्तेच्या तोंडाकडे पाहिलं. बाई गेल्यावर म्हणाली, "कुशाताई, नको बोल दो. दुसरा कोई बना लेगा."

"नको कशाला? माझ्या हातानंच करते. अन् असं करते की नांदेडात नाव निघंल."

तिनं मोठा चष्मा करायला घेतला. परातीएवढा. काळ्या सुपाऱ्यांची कड, काचेच्या जागी आरसे, दांड्यांना काजू. नाकावर टेकायच्या जागी दोन वेलदोडे. आरसे आबेदानं लावले, पण लावताना पुटपुटत राहिली. पाटीवरच्या ओळी कुशावर्तेला एका बैठकीत सुचल्या:

विहीणबाईंची आमच्या लई बारीक नजर,
लोकांच्या लेकींत खोट शोधती घरोघर.
सुपारीचा चष्मा केला, चढवा की नाकावर,
आपल्या लेकालाही बघा एकदा घटकाभर.

ओळी वाचून वर्षाराणी खूप दिवसांनी मोठ्यानं हसली. त्या हसण्यावर कुशावर्तेनं उरलेलं सगळं रुखवत केलं.

मग एक दिवस दिपाली आली. रुखवतातल्या बाहुलीचं लुगडं शालूशी जुळायला हवं होतं, म्हणून काठाचा तुकडा द्यायला. तिला कामाची हौस वाटली, ती खाली बसली आणि मणी ओवायला लागली. मण्यांकडे बघताना तिच्या पापण्या सारख्या फडफडत होत्या. थोड्या वेळानं तिनं पर्समधून बाटली काढून डोळ्यांत थेंब टाकले. ज्या घरात चष्म्यावरून एवढं रामायण झालं, त्या घरच्या बाईला हे सांगावं लागत नाही.

"डोळ्यात लेन्स घालतीस?" कुशावर्तेनं विचारलं. "वरून लावायच्या?"

पोरीचा हात थांबला. रंग उतरला. "काकू, कुणाला बोलू नका. सहा नंबर हाय मला. त्यांच्याकडं न्हाई म्हणून सांगितलंय. सासूबाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लावलं होतं, ते लेन्स घालून वाचलं. कळलं तर लग्न मोडतील. आधी एक स्थळ ह्याच्यावरूनच गेलंय."

कुशावर्ता तिच्याकडे बघत राहिली. वर्षाराणीसारखीच हडकुळी मनगटं. तिला दया आली आणि लगेच दयेच्या मागून दुसरं काहीतरी आलं. एवढं मोठं हत्यार देवानं आपल्या हातात दिलंय, हे तिच्या ध्यानात आलं. भर मांडवात, सगळ्या नात्यासमोर, एकच वाक्य.

दिपाली गेल्यावर आबेदा हातातला डिंक बाजूला ठेवून म्हणाली, "मैं समझी तुमारे दिल में क्या आया. वो बच्ची ने क्या बिगाड्या तुमारा?"

"माझ्या बच्चीनं कुणाचं काय बिघडवलं होतं?"

"उसका बदला इसके सिरपर?"

"प्रयागबाईच्या डोक्यावर. मधी कुणी आलं तर मी काय करू?"

तिला वाटलं होतं, निदान लेक तरी आपल्याला अडवील. संध्याकाळी तिनं वर्षाराणीला सगळं सांगितलं. वर्षाराणी पोळी मोडत शांतपणे म्हणाली, "सांग ना मग. हॉलमध्येच सांग, माईकवर. मला कुणी वाचवलं होतं?"

हेच कुशावर्तेला स्वतःला करायचं होतं, पण लेकीच्या तोंडून ते ऐकायला बरं वाटलं नाही. तिनं सवयीनं विचारलं, "काही चमकलं का आज?"

"नाही गं आई. दरवेळी तेच काय."

लग्नाच्या दिवशी टेम्पोतून रुखवत नांदेडला गेलं. चष्मा वेगळा, चादरीत गुंडाळलेला. दिपालीच्या आईला तो दाखवलेलाच नव्हता. हॉलच्या एका बाजूला मांडणी झाली, आणि अगदी शेवटी कुशावर्तेनं चादर काढून चष्मा मधोमध उभा केला. ते एकच वाक्य बोलायचं की नाही, हे तिनं अजून ठरवलं नव्हतं. बोलायचं, असं वाटेत अहमदपूरपर्यंत ठरलं होतं. लोह्यापासून पुढे डळमळलं होतं.

अक्षता पडल्या. आपल्याकडे अक्षता ज्वारीच्या, आणि पोरं त्या गोफण फिरवावी तशी फेकतात. एक दाणा नेमका दिपालीच्या डोळ्यावर बसला. तिनं डोळा चोळला आणि लेन्स निघून ज्वारीच्या सड्यात गेली. नवरीच्या खोलीत आल्यावर तिनं घाबरून दुसऱ्या डोळ्याला हात लावला. तीही निघाली आणि बोटावरच फाटली. जास्तीची जोडी बॅगेत, बॅग गाडीत, गाडी भावासोबत कुठेतरी गेलेली. कुशावर्ता बाहुलीचा पदर नीट करायला सुई मागायला म्हणून खोलीत आली, तर माय-लेकी पांढऱ्याफटक.

"काकू, मला काहीच दिसून न्हाई राहिलं," दिपाली कुजबुजली.

तेवढ्यात बाहेरून हाका आल्या. "नवरीला आणा! रुखवत बघायला विहीणबाई आल्या!"

बायकांचा घोळका जमला. प्रयागबाई पैठणीत, पुढे. त्यांनी कुशावर्तेला बघितलं आणि भुवया चढवल्या.

"अगं बया, तुम्ही! रुखवत तुमचं व्हय? बरं केलंत. रिकामं बसण्यापेक्षा चांगलं. पोरीचं जमलं का कुठं?"

"न्हाई अजून."

"जमंल की. एखादा बिजवर बघा. आम्ही आपली ह्या वेळंला पारखून घेतली. देखणी, अन् डोळे तर असे की विचारू नका."

आणि मग त्यांची नजर मधोमध उभ्या असलेल्या चष्म्यावर गेली. मागच्या बायकांनी पाटी वाचली होती, त्या पदराआड फुसफुसत होत्या. प्रयागबाईंचा चेहरा ताठ झाला. पण त्या कसलेल्या होत्या. हसल्या.

"चष्मा? हितं कुणाला लागून राहिला चष्मा? चष्म्याची घरं वेगळी असतात, बाई. ये गं दिपाली. हितं, माझ्याजवळ उभी ऱ्हा. पुढं जाऊ नको. हितूनच वाच ती पाटी मोठ्यानं. बघू दे ह्यांना, आमच्या सुनेची नजर कशी हाय ती!"

दिपालीच्या आईनं खांबाला हात टेकला. पोरगी समोर बघत होती, आणि तिच्या समोर फक्त रंगांचा चिखल होता, हे त्या घोळक्यात तिघींनाच ठाऊक होतं.

कुशावर्तेला आता काहीच करायचं नव्हतं. एक वाक्यसुद्धा बोलायचं नव्हतं. नुसतं उभं राहायचं होतं. पोरगी अडखळली असती, प्रयागबाईंनी तिचं तोंड वर केलं असतं, आणि पारखून घेतलेल्या सुनेचं बिंग ह्याच मांडवात, ह्याच बाईच्या हातानं फुटलं असतं. एवढा मोठा सूड बिनकष्टाचा समोर आला होता. तिनं तो भरभरून पाहिला. प्रयागबाई छाती पिटून घेतायत. भागवतरावांची मान खाली. आणि मग त्या चित्रात तिला हेही दिसलं की उद्या नांदेडभर सांगितलं जाईल ते ह्या पोरीबद्दल. प्रयागबाई नवी गोष्ट घेऊन फिरतील, त्यांचं काही जाणार नाही. त्यांचं आजवर कधी काही गेलंच नव्हतं.

असल्या बाईला मोकळं सोडायचं? छे. हिच्या गळ्यात ही सून घट्ट बांधायची, सोडवता येणार नाही अशी.

कुशावर्ता नवरीच्या मागे सरकली आणि शालूच्या चुण्या सारख्या करायला वाकली. मुंडावळ्यांच्या आड तिनं तोंड नेलं.

"विहीणबाईंची आमच्या," ती ओठातल्या ओठात म्हणाली, "लई बारीक नजर."

दिपालीनं श्वास घेतला. "विहीणबाईंची आमच्या, लई बारीक नजर!"

"लोकांच्या लेकींत खोट..."

"लोकांच्या लेकींत खोट शोधती घरोघर!" पोरीचा आवाज चढत गेला. पहिल्या ओळीला ती कापत होती. तिसऱ्या ओळीपर्यंत तिला अर्थ कळला होता, आणि शेवटची ओळ तिनं प्रयागबाईंकडे मान वळवून म्हटली. "आपल्या लेकालाही बघा एकदा घटकाभर!"

हशा असा उठला की पंगतीतले पुरुष वळून बघायला लागले. नांदेडच्या दोन आत्यांनी तर टाळ्या दिल्या. "घ्या प्रयागबाई! सुनेनं पहिल्याच दिवशी दिलं!"

प्रयागबाईंनी पदर तोंडाला लावला. रिवाजच तो. पदराच्या वर त्यांचे डोळे काही हसत नव्हते, पण नजर कशी हाय हे त्यांनीच सगळ्यांना दाखवलं होतं, आता त्या काय बोलणार?

पाठवणीच्या गर्दीत दिपालीनं कुशावर्तेचे पाय धरले. कुशावर्तेनं तिला उठवलं आणि कानात सांगितलं, "सत्यनारायण झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी चष्मा लावून चहा घेऊन बाहेर ये. लपवून संसार होत नसतो. अन् रडायचं न्हाई. आता तू त्यांच्या घरची हायस. आता त्यांना परत करता येत नाही."

फोन आठवड्याच्या आतच आला. दुपारी, तिघी नव्या ऑर्डरीचे तांदूळ रंगवत बसल्या होत्या तेव्हा. वर्षाराणीनं ओल्या बोटानं आवाज मोठा केला.

"कुशावर्ताबाई, तुम्हाला ठाऊक होतं!" प्रयागबाई ओरडत होत्या. "दिपालीच्या आईनं कबूल केलं. तुम्हाला सगळं ठाऊक होतं!"

"हाव. होतं."

"मग सांगितलं का न्हाई? आमची एवढी फसगत झाली! सकाळी सगळ्या पाहुण्यांत चष्मा लावून आली की हो ती! अन् सुदर्शन तिच्याच बाजूनं बोलून राहिला. आता काय करावं आम्ही?"

"काय करायचं? ऑपरेशन करा. लातूरच्या डॉक्टरीणबाई लई चांगल्या हायत, नंबर देते. महाग भिंग घ्या पण. हलकं घेऊ नका, पोरीच्या जिवाशी खेळ असतो. अन् तिच्या माहेरी पैसे मागू नका, लोक नावं ठेवतात."

पलीकडून फोन आपटला गेला.

आबेदा पोट धरून मागे कलंडली. वर्षाराणीही हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि आबेदाचं थांबल्यावरही बराच वेळ हसतच राहिली. कुशावर्तेला ते हसणं गोड लागलं. मग थोडं कमी गोड लागलं. तिकडे चष्मा लावून उभी असलेली पोर आज काय ऐकून घेत असेल, असं एकदा मनात आलं. तिनं हात धुतले, तिच्या आईकडून घेतलेला दिपालीचा नंबर काढला आणि म्हणाली, "वर्षे, गप आता. मला बोलू दे. पोरीला विचारायचंय, जेवली का म्हणून."